थवा, बुरशी आणि न्याय : निसर्गप्रतिमेच्या नैतिक अधिकाराविषयी

चळवळीविषयी मराठीत बोलताना आपण जे शब्द वापरतो ते बहुतांशी रणांगणावरून किंवा बांधकामावरून आलेले आहेत. मोर्चा, आघाडी, लढा, मोर्चेबांधणी, संघटनेची बांधणी, वैचारिक पाया. युरोपीय समाजवादी परंपरेने त्यात यंत्राची भर घातली. 'पक्षयंत्रणा' हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यातील चाके आणि दाते आपल्याला ऐकूही येत नाहीत. लेनिनने तर १९२० च्या सुमारास कामगार संघटनांना गती वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची उपमा दिली होती. गेल्या दशकात मात्र, विशेषतः अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी, स्त्रीवादी आणि पर्यावरणवादी कार्यकर्त्यांच्या लेखनात, एक वेगळीच शब्दावली रुजलेली दिसते. तेथे संघटना 'बांधली' जात नाही, 'उगवते'. ती थव्यासारखी वळते, बुरशीच्या तंतूंसारखी जमिनीखाली पसरते, नेच्याच्या पानासारखी लहान आकृतीत मोठी आकृती वागवते. हाँगकाँगमधील आंदोलकांनी २०१९ साली पाण्यासारखे होण्याची घोषणा केली, तीही याच कुळातली.

परिभाषेतील हा पालट केवळ शैलीचा मानता येणार नाही. रूपक बदलले की त्याबरोबर जबाबदारीचे वाटपही बदलते, असे माझे म्हणणे आहे. निसर्गाला नैतिक साक्षीदार म्हणून उभे करता येते काय, आणि उभे केल्यास त्याची उलटतपासणी कोणी करावयाची, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा आहेच. परंतु साक्ष रूपकाच्या भाषेत दिली जात असल्यामुळे तो साहित्याच्या अभ्यासकाने टाळण्याजोगा नाही.

या शब्दावलीचा सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ म्हणजे एड्रिएन मरी ब्राउन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेचा 'इमर्जंट स्ट्रॅटेजी' (२०१७). (या लेखिका आपले नाव इंग्रजीत पहिल्या अक्षरापासून लहान लिपीत लिहितात. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेदच नसल्याने त्यांचा हा विनय, की विधान, आपल्या लिपीत पोचत नाही.) साध्या, स्थानिक देवघेवींच्या बाहुल्यातून कोणी न आखलेली गुंतागुंतीची रचना उद्भवते, या विज्ञानातील कल्पनेवर त्यांनी संघटनेची एक नीती उभारली आहे. लहानात मोठ्याचे प्रतिबिंब असणे, बदलाशी हेतुपूर्वक जुळवून घेणे, परस्परावलंबन आणि विकेंद्रीकरण, सरळ रेषेत न जाणारी पुनरावृत्त वाटचाल, चिवटपणा आणि त्याला जोडून परिवर्तनकारी न्याय, शक्यतांची वाढ : अशी तिची अंगे. यांपैकी काही अंगे मला मोलाची वाटतात, काही घोषणेच्या पलीकडे जात नाहीत. सर्वांचा सारखाच परामर्श घेण्याची गरज नाही.

मात्र हे लेखन डेट्रॉइटच्या परिसरात वाढले, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याच्याशी न्याय होणार नाही. १९५० साली साडेअठरा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या मोटारींच्या नगरीत २०१० पर्यंत जेमतेम सात लाख माणसे उरली होती. २०१३ साली नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. यंत्राचे रूपक जेथे शब्दशः गंजून पडले होते, तेथे रिकाम्या भूखंडांवर लोकांनी भाज्या लावल्या. ग्रेस ली बॉग्ज (१९१५–२०१५) या चिनी वंशाच्या अमेरिकन तत्त्वज्ञ स्त्रीने आणि तिच्या पतीने, जेम्स बॉग्ज या मोटार कारखान्यातील कामगाराने, क्रांतीचा विचार याच शहरात अनेक दशके पुनःपुन्हा तपासला. जमावाच्या संख्येपेक्षा माणसामाणसांतील निर्णायक संबंध महत्त्वाचे, हा बॉग्जबाईंचा आग्रह ब्राउन यांनी उचलला आहे. दुसरे ऋण ऑक्टेव्हिया बटलर या कादंबरीकर्तीचे. 'पॅरबल ऑफ द सोअर' (१९९३) या कादंबरीतील तरुण नायिका बदल हेच ईश्वर मानणारा एक पंथ घडवते. म्हणजे ज्या नीतीला आपण निसर्गापासून शिकलेली म्हणतो, तिचा एक उगम कादंबरीत आहे. मला हा दोष वाटत नाही; पण तो नोंदवून ठेवावयास हवा.

आता थव्याकडे वळू. रोमच्या टर्मिनी स्थानकाजवळ हिवाळ्यातील संध्याकाळी आकाशात वळणाऱ्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांचा इटालियन पदार्थवैज्ञानिकांनी अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की थव्यातील प्रत्येक पक्षी अंतर कितीही असो, सरासरी सहा-सात शेजाऱ्यांशीच आपली गती जुळवतो. नेता नाही, आज्ञा नाही, आराखडा नाही, तरी ससाणा येताच सारा थवा एका देहासारखा वळतो. कार्यकर्त्याला याचा मोह पडावा हे स्वाभाविक आहे. पोलिसांना पकडण्यासाठी म्होरक्याच नसेल तर ते पकडणार कोणाला?

याच कुळातील पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात येतात. आपण त्यांना भोरड्या म्हणतो. पक्षिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यांना पळस मैना असे शोभिवंत नाव आहे. सोलापूर-नगरकडच्या ज्वारीच्या पट्ट्यात ज्याने बालपण काढले असेल त्याला भोरड्यांचा थवा नुसते सौंदर्य म्हणून आठवणे कठीण. कणीस दुधात असताना माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्याच्या दृष्टीने ते एक संकट असते. हाच पक्षी टोळ आणि किडेही खातो हे खरे. परंतु ज्याचे कणीस रिकामे झाले त्याला तो हिशेब सांगून समजावता येत नाही. थवा सुंदर दिसण्यासाठी पाहणाऱ्याला विशिष्ट अंतरावर, विशिष्ट जागी उभे राहावे लागते, आणि रूपक ती जागा दाखवीत नाही. उपमानातून आपल्याला हवा तो धर्म उचलायचा आणि बाकीचे धर्म शेतातच सोडून द्यायचे, हे तर सर्वच उपमांचे वर्तन. कवितेत त्याने काही बिघडत नाही. नीतिशास्त्रात बिघडते, कारण तेथे उचललेल्या धर्माला 'निसर्गच असा आहे' या वाक्याचे बळ मिळालेले असते.

हे बळ किती अस्थिर असते, याचे ताजे उदाहरण बुरशीचे. झाडांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीच्या तंतूंतून बर्च आणि फर या झाडांमध्ये कार्बनची देवघेव होते असे दाखवणारा सुझान सिमर्ड आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९७ साली 'नेचर'मध्ये आला. त्यानंतर जंगल म्हणजे परस्परांना पोसणारा, धोक्याची सूचना देणारा, आपल्या रोपांची काळजी घेणारा समाज, ही प्रतिमा लोकमानसात आणि चळवळींच्या साहित्यात पक्की झाली. २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या तीन संशोधकांनी उपलब्ध पुराव्यांची छाननी करून सांगितले, की प्रत्यक्ष जंगलाविषयीचे यांतील अनेक दावे पुराव्याच्या पुष्कळ पुढे गेलेले आहेत. वाद अजून संपलेला नाही आणि तो सोडवणे हे आपले काम नव्हे. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे. उद्या असे सिद्ध झाले की झाडे एकमेकांना काहीच देत नाहीत, तर माणसांनी एकमेकांना मदत करण्याचे कारण कमी होईल काय? होणार नसेल, तर मग बुरशी या युक्तिवादात काय काम करीत होती?

ह्यूमने १७४० मध्ये विचारलेला प्रश्न आणि मूरने १९०३ मध्ये त्याला दिलेले धारदार रूप अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. 'आहे' या क्रियापदावरून 'पाहिजे' या क्रियापदावर उडी कशी मारली, हा तो प्रश्न. क्रपॉट्किनच्या 'म्युच्युअल एड' (१९०२) या ग्रंथालाही तो चुकवता आला नाही. हक्स्लीने निसर्गात झुंज पाहिली, म्हणून क्रपॉट्किनने सहकार्य पाहिले. पण हक्स्लीची भूमिका याबाबत अधिक सावध होती, कारण १८९३ च्या व्याख्यानात त्याने नीती ही विश्वाच्या प्रक्रियेचे अनुकरण नसून तिच्याशी मुकाबला आहे असे म्हटले. आपल्या परंपरेत तर निसर्ग दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. अर्थशास्त्रातील मत्स्यन्याय, म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला खाणे, हा निसर्गच आहे. आणि तो आवरण्यासाठी राजदंड हवा असा त्याचा निष्कर्ष. शिवाय निसर्गाकडून आपण जे घेतो ते बरेचदा आपणच तेथे ठेवलेले असते. मधमाश्यांच्या पोळ्याचा अधिपती कित्येक शतके 'राजा' होता. सतराव्या शतकात त्याची राणी झाली. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात ज्या मुंग्यांना 'गुलाम करणाऱ्या' मुंग्या म्हटले, तो शब्द वारुळातून आलेला नव्हता. मार्क्सने १८६२ च्या एका पत्रात एंगेल्सला मिस्किलपणे कळवले होते, की डार्विनला प्राण्यांत आणि वनस्पतींत इंग्लंडचाच समाज सापडला आहे.

निसर्गप्रतिमेचा सर्वांत जुना राजकीय उपयोग देहाचा आहे. इ. स. पू. ४९४ मध्ये रोमच्या सामान्य प्रजेने नगर सोडले तेव्हा मेनेनियस अग्रिप्पाने तिला पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगितली असे लिव्ही लिहितो. गोष्टीने प्रजा परतली म्हणतात. मात्र परतताना तिने ट्रिब्यून हे स्वतःचे अधिकारी मिळवले, हा तपशील कथेच्या मोहात विसरला जातो. शेक्सपिअरने 'कोरिओलेनस'च्या आरंभी हीच गोष्ट घातली आहे आणि एका नागरिकाला ती मध्येच अडवू दिली आहे. आपल्याकडील पुरुषसूक्तातल्या देहाला अडवणारा नागरिक १८७३ साली 'गुलामगिरी'त भेटतो. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादात फुले रूपक नाकारीत नाहीत. ते ते शब्दशः घेतात. मुखातून प्रसूती झाली असेल तर मुखाला गर्भाशय हवे, मग विटाळाचे दिवस हवेत, मग हे सारे पाळले कोठे, असे प्रश्न ते विचारीत जातात, आणि पाहता पाहता पवित्र प्रतिमा आपल्याच देहाच्या भाराने कोसळते. आपल्या समीक्षेने या पद्धतीला बहुधा 'ग्राम्य उपहास' म्हणून बाजूला सारले. मला ती रूपकाच्या उलटतपासणीची एक अस्सल पद्धत वाटते. निसर्गाच्या नावाने जो अधिकार सांगितला जातो, त्याच्याकडे निसर्गाचा संपूर्ण हिशेब मागायचा.

यावर ब्राउन यांच्या बाजूने असे म्हणता येईल, की देहाचे रूपक उतरंडीचे आहे, थव्याचे आणि बुरशीचे समतेचे; केंद्र नसलेल्या रचनेतून उतरंड निघणार नाही. दलूझ आणि गातारी यांनी १९८० मध्ये वृक्षाविरुद्ध जमिनीलगत पसरणारे कंद उभे केले त्यामागेही हीच आशा होती, आणि नव्वदीनंतर आपल्या विद्यापीठांतून ती बरीच वाटली गेली. याच ठिकाणी मला एका जुन्या निबंधाची आठवण होते, आणि ती झाल्यापासून या आशेवर माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. जात मनूने निर्माण केली नाही, एका स्मृतिकाराची तेवढी ताकदच नसते, असे त्यांनी तेथे मांडले. बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाहाचा एक साधा नियम लादला गेला. एका वर्गाने आपले दार लावून घेतले. इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि जो जितका जवळ त्याचे अनुकरण तितके काटेकोर. अनुकरणाचे हे नियम त्यांनी गाब्रिएल तार्दकडून घेतले होते. हा निबंध आज उद्भवाच्या परिभाषेत वाचून पाहावा. केंद्रीय आज्ञा नाही. स्थानिक नियम एकच. प्रत्येक गट आपल्या शेजाऱ्याकडे पाहून वळतो. आकृती लहान स्तरावर जी, तीच मोठ्या स्तरावर. उपजातीत जात, जातीत वर्ण. राज्ये बदलली, धर्म बदलले, समुद्र ओलांडले, तरी रचना जुळवून घेते आणि टिकते. विकेंद्रित, स्वसदृश, अनुकूलनशील, चिवट : ज्या गुणांची यादी न्याय्य संघटनेचे आदर्श म्हणून दिली जाते, ते सर्व गुण जातिव्यवस्थेत आढळतात. उद्भवशील रचनेचे तिच्याइतके यशस्वी उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

यावरून उद्भवाची कल्पना खोटी ठरत नाही, पण तिच्यात न्यायाची हमी नाही हे उघड होते. आणि आंबेडकरांचा निबंध थव्यापासून जेथे फारकत घेतो ते स्थळ अधिक महत्त्वाचे आहे. थव्याच्या नियमाचा कोणी लाभार्थी नसतो. अंतर्विवाहाच्या नियमाला किंमत पडते आणि ती कोणाच्या देहातून वसूल होते हे ते नेमके दाखवतात. गटाचे दार बंद ठेवायचे तर नवरा मेल्यावर उरलेल्या 'अधिक' स्त्रीचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य, आणि अधिक पुरुषासाठी न वाढलेली मुलगी. त्यांच्या विवेचनात आज्ञा देणारा नाही. परंतु दार आधी लावणारा आहे, बाहेर राहिलेला आहे, जळणारी आहे. 'कोणी' हे सर्वनाम त्यांनी कोठेही गाळलेले नाही.

अमेरिकन स्त्रीचळवळीला हा धडा तिच्या पद्धतीने मिळाला होता. जो फ्रीमन यांनी सत्तरीच्या आरंभी दाखवून दिले, की रचना नाकारणाऱ्या गटांतही रचना असते. ती फक्त अघोषित असते आणि म्हणून तिला जाब विचारता येत नाही. यासाठी मला ग्रंथांची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी आम्ही काही प्राध्यापकांनी एक अभ्यासमंडळ चालवले. अध्यक्ष नको, सचिव नको, सर्व समान, असा आमचा बाणा होता. वर्षभरात असे झाले की विषय तेच दोघे ठरवीत, ज्यांचे घर मोठे होते. चहा मी आणि आणखी एक सहकारी स्त्री करीत असू. आणि तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येणारा एक तरुण शिक्षक, बैठक नेमकी त्याची शेवटची गाडी चुकेल अशा वेळी संपत असल्याने, हळूहळू येईनासा झाला. कोणी त्याला काढले नव्हते. तक्रार करायची तर कोणाकडे, असे त्याने मला पुढे एकदा विचारले. त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, कारण आमच्यात पदाधिकारीच नव्हते.

चिवटपणाविषयी एवढेच म्हणेन, की हॉलिंग यांनी १९७३ मध्ये परिसंस्थांच्या संदर्भात ती संकल्पना मांडली तेव्हापासून पर्यावरणशास्त्राला ठाऊक आहे, की शेवाळाने भरलेले, मेलेले तळेही चिवट असते. पीडितांच्या चिवटपणाचे कौतुक तर जपूनच करावे. मार खाऊनही पुन्हा उभा राहतो म्हणून एखाद्याची वाखाणणी चाललेली असताना मारणाऱ्याकडे कोणाचे लक्ष नसते. ब्राउन यांना याची जाण नाही असे नाही. चिवटपणाला त्यांनी परिवर्तनकारी न्यायाची जोड दिली आहे, आणि २०२० मधील त्यांचे लेखन चळवळीतीलच माणसांनी एकमेकांना जाब कसा विचारावा या प्रश्नाशी झगडणारे आहे. मात्र जाब ही कल्पना त्यांना बुरशीकडून मिळालेली नाही, मिळणारही नव्हती.

मग निसर्गप्रतिमा चळवळीने टाकूनच द्यावी काय? तसे मला वाटत नाही. १९६५ च्या प्रारंभी अलाबामातील लाउंड्स परगण्यात कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही त्यांच्यापैकी एकाचीही मतदार म्हणून नोंद नव्हती. तेथे स्वतंत्र पक्ष काढताना मतपत्रिकेसाठी चिन्ह लागले. प्रतिपक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते. यांनी काळा चित्ता निवडला. जॉन ह्यूलेट या नेत्याने त्याचा खुलासा असा केला, की हे जनावर दाबले तर मागे सरते, कोपऱ्यात कोंडले तर मात्र झेप घेते. १९६६ मध्ये ते चिन्ह कॅलिफोर्नियातील ब्लॅक पँथर पक्षाने घेतले आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मली. 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण झाल्यानंतर नव्व्याण्णव वर्षांनी, अलाबामाच्या एका परगण्यातील मतपत्रिकेवरचे जनावर कामाठीपुऱ्याच्या परिसरात पोचले. प्राणिशास्त्राला ह्यूलेटचा खुलासा मान्य होईल की नाही, हे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. चित्त्याला येथे पुरावा म्हणून आणलेले नव्हते. तो निवडलेला होता, निवडणारे समोर होते, आणि त्यांना त्याबद्दल प्रश्न विचारता येत होते. पँथरमध्ये पुढे जो कलह झाला त्यात तर ते भरपूर विचारले गेले.

स्वतः आंबेडकरांनीही निसर्गाचा शब्द वापरला आहे. १९१९ मधील साउथबरो समितीपुढील निवेदनात आणि पुन्हा १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त 'एन्डॉस्मोसिस' हा पडद्यातून द्रव झिरपण्याच्या क्रियेचा शब्द येतो. ड्यूईकडून आलेला हा शब्द समाजगटांमधील अभिसरणासाठी आहे. परंतु द्रव झिरपतो म्हणून माणसे मिसळतात, असे ते म्हणत नाहीत. हिंदू समाजात पडदे आहेत आणि त्यांतून काहीही झिरपत नाही, हेच तर त्यांचे दुःख. समाजात असे अभिसरण असले पाहिजे, असे ते सांगतात. क्रियापद विध्यर्थी आहे, आणि ते उच्चारणाऱ्याने त्याची जबाबदारी घेतलेली आहे.

या कसोटीवर ब्राउन यांच्या संकल्पनांपैकी मला सर्वांत टिकाऊ वाटते ती स्वसदृशतेची. आपल्या लहान गटात आपण एकमेकांशी जसे वागतो तोच उद्याच्या समाजाचा नमुना असेल, ही तिची मागणी आहे. नेचाच्या पानाचा दाखला येथे वस्तुतः अनावश्यक आहे. मँडेलब्रॉटने १९७५ मध्ये 'फ्रॅक्टल' हा शब्द घडवला नसता तरी ही मागणी तितकीच खरी राहिली असती. पिंडी ते ब्रह्मांडी हे आपण पूर्वापार म्हणत आलो, आणि तरीही पिंडातला पाणवठा वेगळाच ठेवला. ब्रह्मांडात जी उतरंड होती तीच पिंडात उतरली होती. उक्ती तंतोतंत खरी होती. ब्राउन यांच्या वाक्यात तीच उक्ती विध्यर्थात जाते, आणि मग आमच्या अभ्यासमंडळाची वेळ, चहा आणि शेवटची एस.टी. हे न्यायाचे प्रश्न होतात.

या पुस्तकातील काही भाग मी एम. ए.च्या वर्गात भाषांतरासाठी दिला होता. मूळ संज्ञेसाठी 'उद्भव' सुचवण्यात आले, 'उद्गमन' सुचवण्यात आले. एका विद्यार्थ्याने सरळ 'आपोआप होणे' असे लिहिले. शेवटच्या बाकावरील एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात विहिरीवरची वेगळी बाजूपण आपोआपच झाली होती म्हणतात." त्यानंतर वर्गात त्या शब्दावर तासभर चर्चा झाली. फळ्यावर तीनही पर्याय राहिले; एकही पुसला गेला नाही.